स्वप्न कोणाचे, अर्थ कोणाचा



सांगलीहून कृष्णेच्या काठाकाठाने वर गेले की भिलवडी लागते. नदीच्या पूर्वेला भुवनेश्वरीचे ठाणे आहे आणि समोर, पश्चिमेच्या काठावर, औदुंबर. गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायातली कथा या दोन काठांवर घडते. करवीरच्या एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा. आईबाप गेलेले, आणि डोक्यात एक अक्षर शिरत नाही. लोक हिणवतात, बापाचे नाव घालवलेस म्हणतात. ते सोसवेना तेव्हा तो घर सोडतो आणि भिलवडीला देवीच्या दारात येऊन पडतो. तीन दिवस अन्नपाणी नाही. देवी बोलत नाही. मग तो आपली जीभ कापून तिच्या पायांवर वाहतो आणि आता मस्तकही वाहीन म्हणतो. त्या रात्री देवी त्याच्या स्वप्नात येते. मी तुला विद्या देते, असे ती म्हणत नाही. पलीकडच्या काठावर औदुंबराखाली एक अवतारी पुरुष आहे, त्याच्याकडे जा, एवढेच सांगते. मुलगा जागा होतो आणि नदी ओलांडून नृसिंहसरस्वतींच्या पायाशी पोचतो. जीभही परत येते, विद्याही येते.

या कथेत देवीने स्वप्नात दिले ते फक्त ठिकाण. नदी ओलांडण्याचे काम त्या मुलाकडेच राहिले. आपल्या प्राचीन ग्रंथांनी स्वप्नाचा विचार कसा केला हे सांगताना मी पुन्हा पुन्हा दोन गोष्टींकडे वळणार आहे. स्वप्न ज्याला पडले त्याने जागेपणी काय केले, ही एक. दुसरी गोष्ट आपण फारशी विचारत नाही. त्या स्वप्नाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे होता?

आरंभी भीती होती. ऋग्वेदात दुःस्वप्न म्हणजे दूर हाकलायची वस्तू आहे. आठव्या मंडलातल्या एका सूक्तात ऋषी उषेला विनवतात की आमचे वाईट स्वप्न त्रित आप्त्याकडे घेऊन जा. त्रित कुठे तरी फार लांब राहतो, अशी त्यामागची समजूत. अथर्ववेदात स्वप्नाचे नाते थेट यमाशी जोडले आहे. पण त्याच वेदात एक अगदी लहान मंत्र आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. स्वप्नात खाल्लेले अन्न सकाळी कुठे सापडत नाही, ते सगळे मला शुभ होवो, एवढाच त्याचा आशय. भुकेल्या माणसाच्या स्वप्नात काय येते हे जाणणाऱ्या कोणी तरी तो रचला आहे. त्याला त्या अन्नाचा अर्थ नको आहे. सकाळी पोट रिकामे असते, हे त्याला ठाऊक आहे.

पुढे याद्या तयार झाल्या. अथर्ववेदाच्या परिशिष्टांत एक स्वप्नाध्याय आहे, मत्स्यपुराणात आणि अग्निपुराणात स्वप्नांवर अध्याय आहेत, बाराव्या शतकात जगद्देवाने ‘स्वप्नचिंतामणी’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पहिल्या प्रहरातले स्वप्न वर्षाने फळते, दुसऱ्यातले सहा महिन्यांनी, तिसऱ्यातले तीन महिन्यांनी, आणि अरुणोदयाचे दहा दिवसांत. पहाटेचे स्वप्न खरे होते, असे आपल्या घराघरांत म्हणतात, त्याचे मूळ या गणितात आहे. चांगले स्वप्न पडले तर पुन्हा झोपू नये, वाईट पडले तर कोणाला तरी सांगून टाकावे आणि परत झोपावे, हेही तिथलेच. या याद्यांवर मी जास्त वेळ घालवत नाही. स्वप्नफलाच्या पुस्तिका अजूनही मिळतात, ज्यांना हवे त्यांनी पाहावे. आपल्या पूर्वजांचा स्वप्नविचार म्हणजे या याद्याच, असे मात्र कोणी समजू नये.

कारण याच परंपरेत चरकही आहे. चरकसंहितेतले इंद्रियस्थान हे मरणाच्या खुणांचे प्रकरण आहे. रोगी वाचेल की नाही, हे वैद्याला तिथे ठरवायचे असते. त्यासाठी त्याला रोग्याच्या स्वप्नांचीही चौकशी करावी लागते. कुत्र्यांबरोबर किंवा उंटा-गाढवांवरून दक्षिणेकडे गेल्याचे स्वप्न राजयक्ष्म्याचे पूर्वचिन्ह म्हणून तिथे नोंदले आहे. इथवर हेही यादीसारखेच वाटते. पण लगेच चरक स्वप्नांचे सात प्रकार सांगतो. पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, हव्याशा वाटणाऱ्याचे आणि मनाने रचलेल्याचे असे पाच, सहावे पुढचे सुचवणारे भाविक, आणि सातवे वात, पित्त, कफ बिघडल्याने पडणारे दोषज. आणि निर्णय देतो की पहिली पाचही निष्फळ. दिवसा पडलेले निष्फळ, फार आखूड निष्फळ, फार लांबलेले निष्फळ. रात्रीच्या आरंभी पडलेल्याचे फळ थोडे.

या चाळणीतून खाली काय उरते ते पाहा. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हण ज्या स्वप्नांना लागू पडते, ती सगळीच्या सगळी चरकाने बाजूला काढली. दोषज स्वप्न त्याने ठेवले, ते शरीराची तक्रार म्हणून. वैद्याला त्याचा उपयोग आहे. पुढचे सुचवणारे म्हणून एकच प्रकार राहिला. हे लिहिणारा वैद्य रोग्यांच्या उशाशी रात्री काढलेला असला पाहिजे. घाबरलेले नातेवाईक एकेक स्वप्न सांगत असतील आणि त्यातले बहुतेक कशाचेच लक्षण नाही, असे त्याला शांतपणे म्हणावे लागत असेल. वैशेषिकांनीही हाच मार्ग धरला. प्रशस्तपादाने स्वप्नाची तीन कारणे दिली: संस्काराचा जोर, धातूंचा बिघाड आणि अदृष्ट. पहिली दोन आजच्या मानसशास्त्राच्या वर्गातही कोणी नाकारणार नाही.

आता उपनिषदांकडे येऊ. तिथे प्रश्नच पालटतो. स्वप्नाचे फळ काय, हे बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य जनकाला सांगत बसत नाही. तो विचारतो, सूर्य मावळला, चंद्र मावळला, अग्नी विझला, वाणी थांबली, तर माणूस कोणत्या प्रकाशात वावरतो? उत्तर देताना तो स्वप्नाचा दाखला घेतो. तिथे रथ नाहीत, घोडे नाहीत, रस्ते नाहीत, आणि तरी हा पुरुष रथ, घोडे, रस्ते उभे करतो. तळी नाहीत, नद्या नाहीत, त्याही हाच घडवतो. बाहेरचा कुठलाच दिवा नसताना हे सगळे दिसते, म्हणजे पाहणाऱ्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा आहे. मोठा मासा नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काठाने फिरतो तसा हा जागृती आणि स्वप्न यांत फिरतो, असा दाखला याज्ञवल्क्य देतो. कृष्णाकाठच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. याच संवादात झोपलेल्याला एकदम जागे करू नये, असे लोक म्हणतात, हेही येऊन जाते. एवढ्या उंच चर्चेत ही घरातली काळजी टिकून राहिली, याचा मला आनंद वाटतो.

पुढे तो गाढ झोपेचे वर्णन करतो. त्या अवस्थेत बाप बाप राहत नाही, आई आई राहत नाही, चोर चोर नाही, चांडाळ चांडाळ नाही. हे वाक्य सुषुप्तीविषयी आहे, स्वप्नाविषयी नाही, आणि हा भेद पुसून टाकणे प्रामाणिक होणार नाही. पण समाजाने दिलेली ओळख झोपेच्या उंबरठ्याच्या आत येऊ शकत नाही, हा विचार तिथे नि:संशय मांडला गेला.

उपनिषदांतल्या या मानसशास्त्राची आधुनिक काळात सविस्तर मांडणी करणाऱ्यांत गुरुदेव रा. द. रानडे यांचे नाव आघाडीवर आहे. उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली निघाला. त्यात निद्रा आणि स्वप्न यांचा विचार मानसशास्त्राच्या प्रकरणात केलेला आहे. गुरुदेव काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवत होते, त्यानंतर अलाहाबादला गेले. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या, जत तालुक्यातल्या उमदीचे. आणि तिकडे साताऱ्याच्या बाजूला वाईला केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, धर्मकोशाची खंडांमागून खंड चाललेली छपाई. या दोन जिल्ह्यांत हा अभ्यास कोणाच्या तरी रोजच्या कामाचा भाग होता. तो विषय लांबचा समजून सोडून देणे आपल्याला शोभत नाही.

शंकराचार्यांचे एक म्हणणे सांगतो आणि मग कथांकडे वळतो. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ते स्वप्नसृष्टीला माया म्हणतात, कारण तिला पुरेशी जागा नाही, पुरेसा काळ नाही, साधने नाहीत. देहाच्या आत रथ मावणार कुठे? तरीही स्वप्न सूचक असू शकते, हे सूत्रकारांचे मत ते मान्य करतात. त्याआधी, दुसऱ्या अध्यायात, त्यांनी एक फार सूक्ष्म गोष्ट नोंदवली आहे. स्वप्नात साप चावला. जागा झालेला माणूस सापाला खोटा म्हणतो, दंशाला खोटा म्हणतो. पण मला ते दिसले, हे त्याचे जाणणे मात्र तो खोटे म्हणत नाही. स्वप्नातली वस्तू गेली तरी स्वप्नातले कळणे उरते. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता कथांतली स्वप्ने. बुद्धाची आई मायादेवी हिच्या स्वप्नात पांढरा हत्ती येतो. भरहुतच्या शिल्पात तो आहे, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या चित्रांतही आहे. महावीरांची माता त्रिशला हिला श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा स्वप्ने पडतात. आपल्या सांगली भागात दिगंबर जैन समाज मोठा आहे. पंचकल्याणक प्रतिष्ठेत गर्भकल्याणकाच्या दिवशी तीर्थंकरांच्या मातेची ही सोळा स्वप्ने दाखवतात: ऐरावत, वृषभ, सिंह, लक्ष्मी, दोन माळा, चंद्र, सूर्य, माशांची जोडी, पुढे कमळांचे सरोवर, सागर, सिंहासन, आणि शेवटी रत्नांची रास आणि धूर नसलेला अग्नी. सोहळा सुंदर असतो.

पण या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट टोचते. स्वप्न बाईला पडते. ती उठून ते राजाला सांगते. कल्पसूत्रात राजा सिद्धार्थ स्वप्नपाठकांना बोलावतो, ते ग्रंथ काढून अर्थ सांगतात, मानधन घेऊन जातात. मायादेवीच्या स्वप्नाचा अर्थही ब्राह्मण सांगतात. अर्थ दर वेळी एकच: तुला मोठा मुलगा होणार. स्वप्न तिचे आणि त्यातला विषय तिचा मुलगा. तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी ते स्वप्न एक शब्द बोलत नाही. रामायणातली त्रिजटा वेगळी. तिने रावणाचा नाश स्वप्नात पाहिला, त्याचा अर्थ स्वतः लावला आणि इतर राक्षसींना बजावून सांगितला. पण ती राक्षसी आहे आणि तिचे स्वप्न सीता-रामांविषयी आहे.

ही रेघ ओलांडली गेली सतराव्या शतकात, मराठीत.

आधी तुकोबा. त्यांना गुरूपदेश स्वप्नात झाला, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितले आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला. भोजनाला पावशेर तूप मागितले, आणि ते द्यायचे स्वप्नात राहून गेले. ज्याला खरोखर स्वप्न पडले आहे त्यालाच हे पावशेर तूप आठवते. कवित्वाची आज्ञाही त्यांना स्वप्नातच, नामदेव पांडुरंगासह आले तेव्हा, झाली. जो स्वतःला शूद्र म्हणवतो, ज्याच्या अभंग लिहिण्याच्या अधिकारावरच वाद उठला, त्याला कोणत्याही मठाच्या दारात उभे न राहता गुरू आणि आज्ञा दोन्ही मिळाली.

आणि मग बहिणाबाई. जन्म १६२८, वैजापूरजवळच्या देवगावात, ब्राह्मण घरात. लग्न अगदी लहानपणी, वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी. संकटांमुळे घरदार सोडून कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे तिला एक कपिला गाय आणि तिचे वासरू मिळाले, त्या वासराचा तिला फार लळा. कोल्हापुरात तेव्हा जयरामस्वामींची कीर्तने चालू होती. हे जयरामस्वामी आपल्या साताऱ्याचे. खटाव तालुक्यातल्या वडगावला त्यांचा मठ, गावाची ओळखही त्यांच्याच नावाने. रामदासांच्या बरोबरीने ज्यांना दासपंचायतन म्हणतात त्यांतले ते एक.  कीर्तनात तुकोबांचे अभंग कानावर पडत. ती वासराला घेऊन कीर्तनाला जाई. त्यावरून लोक बोलू लागले, आणि नवऱ्याने तिला बांधून मारले. पुढे वासरू मेले. ती अन्नपाण्यावाचून पडून राहिली. काही दिवसांनी, शके १५६९ च्या कार्तिकात, वद्य पंचमीला, तुकोबा तिच्या स्वप्नात आले, मस्तकावर हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला.

तिने तुकोबांना तोवर पाहिलेही नव्हते. देहू लांब, नवरा वेदपाठी, गुरू म्हणून शूद्राचे नाव घेणे त्याला असह्य. जागेपणी या बाईला तुकोबांकडून उपदेश मिळण्याचा एकही मार्ग उघडा नव्हता. चरकाची चाळणी इथे लावली तर हे स्वप्न गळून पडेल: ऐकलेल्याचे आहे, हवेहवेसे वाटणाऱ्याचे आहे. वैद्य म्हणून चरक चुकला, असे मी म्हणणार नाही. पण शंकराचार्यांचे ते म्हणणे आठवा. स्वप्नातला हात खोटा मानला तरी तिला जे कळले ते उरले. आणि त्याचा अर्थ सांगायला तिने कोणत्याही स्वप्नपाठकाला बोलावले नाही. हा माझा गुरू, असे तिने स्वतः ठरवले. माझ्या माहितीप्रमाणे आपल्या परंपरेत एखाद्या स्त्रीने आपले स्वप्न स्वतःच्या शब्दांत, तिथीसह, स्वतःच्या आयुष्याविषयीचे म्हणून लिहून ठेवल्याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही. तिच्या आत्मनिवेदनाचा हा भाग शाळेच्या पुस्तकात असायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

याची किंमत तिने दिली. नवरा घर सोडून निघाला, ती तेव्हा गरोदर होती. तो आजारी पडला, त्यातून त्याचे मन पालटले, आणि कुटुंब देहूला गेले. तिथे तुकोबांचा विरोधक मंबाजी याने छळले. तरी ती मागे फिरली नाही, तुकोबांचे नाव तिने सोडले नाही. पुढे तिने वज्रसूचीवर अभंग रचले. ब्राह्मण्य जन्माने ठरत नाही, हे सांगणारा तो ग्रंथ. स्वप्नात ज्या शूद्र संताने तिच्या मस्तकावर हात ठेवला, त्याच्या बाजूने तिने जागेपणी उभी केलेली ही साक्षच होती. १७०० साली ती गेली. म्हणजे त्या एका रात्रीचा अर्थ ती पन्नासहून अधिक वर्षे जगत होती.

बहिणाबाईच्या त्या स्वप्नाच्या सुमारासच साताऱ्यात दुसरे एक स्वप्न घडत होते. समर्थ रामदासांना रामरायाचा दृष्टांत झाला आणि अंगापूरच्या डोहातून त्यांनी मूर्ती वर काढल्या, अशी परंपरा आहे. राम चाफळला गेला, आंगलाई सज्जनगडावर. चाफळचे देऊळ १६४८ चे मानतात. भाविक ही कथा चमत्कार म्हणून सांगतात, त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. मला मात्र डोहात उतरणे महत्त्वाचे वाटते, आणि त्यानंतर मांडनदीच्या काठी देऊळ बांधून उत्सव चालवणे. ‘आनंदवनभुवन’ या काव्यातही समर्थ आपल्या जुन्या स्वप्नाचा हवाला देतात आणि ते डोळ्यांसमोर घडत असल्याचा आनंद सांगतात. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी भवानीने शिवाजीराजांना दर्शन दिल्याचे येते. राजे ते जिजाऊंना आणि जवळच्या मंडळींना सांगतात. मग सैन्य लावणे, जावळीचे रान, वकिलाशी बोलणी, एकेक तपशील. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली जे घडले ते झोपेतल्या माणसाचे काम नव्हते.

माझे एक मागणे आहे, ते इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींकडे. साताऱ्या-सांगलीत असे गाव क्वचितच असेल जिथे ग्रामदैवताची गोष्ट कोणाच्या तरी स्वप्नाने सुरू होत नाही. नांगराला लागलेली मूर्ती, डोहातला तांदळा, बांधावरचे जोते. या कथा आजीआजोबांकडे आहेत आणि त्यांच्याबरोबर चालल्या आहेत. त्या लिहून घ्या. लिहिताना स्वप्न कोणाला पडले ते नावासकट किंवा निदान जातीधंद्यासकट विचारा: धनगराला, गुरवाला, माळ्याला, की एखाद्या विधवेला. तिने किंवा त्याने ते आधी कोणाला सांगितले आणि विश्वास कोणी ठेवला, हेही विचारा. आणि मूर्ती वर आल्यावर, देऊळ उभे राहिल्यावर, पूजेचा मान कोणाच्या घरी गेला, ते विचारायला विसरू नका. जे उत्तर मिळेल ते गावाला आवडो न आवडो, तसेच्या तसे वहीत उतरवा आणि ती वही आपल्या गावच्या वाचनालयात ठेवा.